नव्वद नंबरचं तेल

सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, लागली की मला गंधकाचा वास येतो. माझ्या घरात तो दुसऱ्या कुणाला येत नाही. बायको म्हणते, कुटाराची धूळ नाकात गेली असेल. तिचं बरोबर असावं. वाशिमच्या आमच्या गच्चीवरून संध्याकाळी पाहिलं तर शहराच्या कडेची वावरं धुरकट दिसतात, थ्रेशर घरघरत असतात, आणि हवेत जे तरंगतं ते मळणीतून उडालेलं कुटारच असतं. घशाला खाजवतं, चष्म्यावर बसतं, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांना पिवळट करतं. पण त्याच्या आडून मला दुसराच एक वास येतो. शिळं अंडं, करपलेला लसूण आणि विझलेली काडी एकत्र केली तर येईल तसा. गाडीच्या जुन्या गेअर ऑइलचा वास असाच असतो. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात तो माझ्या शर्टाला लागला. शर्टाचं केव्हाच पोतेरं झालं, वास मात्र दर हंगामात परत येतो.

आता हा वास खरा की नुसती आठवण, हे मला ठरवता येत नाही. त्या हंगामापासून माझं नाकाचं आणि कानाचं बरंच काही ठरत नाही.

माझा थोरला भाऊ, उत्तमदादा, किन्हीराजाला राहतो. शेती आहे आणि एक पिकअप आहे. हंगामात पिकअपमध्ये सोयाबीनचे कट्टे, नंतर तूर, मग लग्नसराईत मंडपाचे बांबू आणि खुर्च्या, अधूनमधून बकऱ्या, आणि एकदा एका शाळेची सगळी बाकं. गाडीचं मीटर तीन लाख ब्याऐंशी हजार किलोमीटरवर थांबलं, तेही बऱ्याच वर्षांपूर्वी; वेगाचा काटा तेवढा चालतो. पुढचं अंतर दादा अंदाजाने सांगतो आणि अंदाज ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. विमावाल्याला तो कमी सांगतो, पाहुण्यांना जास्त.

त्या वर्षी सोंगणी नुकती सुरू झाली होती, तेव्हा वहिनींचा फोन आला. वहिनी फोनवर 'हॅलो' म्हणत नाहीत. थेट मधूनच सुरुवात करतात.

"भाऊजी, यायच्या गाडीचा आवाज वाढला म्हनतेत लोक. मागून कुईऽ करते. मले त्याचं काई नाई. पर परवा मागून एक ट्रक हारन देऊन देऊन थकला, अन् हे आपले मधातून चाल्ले. मी म्हटलं, आइकू येत नाई का तुमाले? तं म्हनतेत, गाडीच्या आवाजात कायचं आइकू येते! तुमी या. दोन दिवस बसा यायच्या बाजूले, अन् मले सांगा, गाडी बिघडली का मानूस."

"आणि सांगून काय करणार वहिनी?"

"गाडी बिघडली असली तं मिस्त्री हाय. मानूस बिघडला असला तं चावी पिठाच्या डब्यात जाईन."

ही धमकी नव्हती. वहिनींच्या पिठाच्या डब्यात एकदा टीव्हीचं रिमोट मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत राहिलं होतं. आणि दादाच्या बाबतीत चावी ही काही साधी वस्तू नाही. तो जेवायला बसतो तेव्हाही ती खिशात असते आणि दर दोन घासांनी तो वरून चाचपून पाहतो. हंगामात पहाटेपासून त्याचा फोन वाजत असतो. कुणाची सुडी, म्हणजे सोंगलेल्या पिकाचा ढीग, मळून निघाली, कुणाचे कट्टे भरून झाले, कुणाला मालेगावच्या बाजारात पहिला नंबर लावायचा आहे. फोन करणारा प्रत्येक जण त्याला 'भाऊ' म्हणतो. चावी डब्यात गेली तर त्या दिवसापासून तो ओट्यावर बसलेला एक म्हातारा. हे वहिनींना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि निकाल मी द्यायचा होता. आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेल्या माणसावर अशी वेळ सहसा येत नाही.

लहानपणी दादाचा कान गावात प्रसिद्ध होता. आम्ही फाट्यावर उभे असायचो, रस्ता दोन्हीकडे मोकळा, आणि हा सांगायचा, "मंगरूळची एस्टी हाय, डायव्हर नवा हाय." पाच मिनिटांनी मंगरूळची एस्टी यायची. ड्रायव्हर नवा आहे की जुना हे आम्ही कुणी तपासत नव्हतो. ज्या माणसाचं पहिलं वाक्य खरं ठरतं त्याचं दुसरं आपण मुकाट्याने मान्य करतो. पुढे सार्वजनिक जीवनात हाच प्रकार मी मोठ्या प्रमाणावर पाहिला.

तर मी गेलो आणि दादाच्या बाजूला बसलो. मागे तीस कट्टे. गाडीत डिझेलचा, सुतळीचा आणि डॅशबोर्डवरच्या सुकलेल्या झेंडूचा वास. गाडीने पंचेचाळीसचा वेग घेतला आणि मागून आवाज सुरू झाला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कुणी सतत फुंकर घालावी तसा. वेग कमी झाला की तो मरायचा, वाढला की परत उगवायचा.

"दादा, हा आवाज कायचा गा?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव, येऊन राह्यला खरा."

त्या अर्ध्या क्षणाच्या थांबण्याचं काय करावं, हे मला कळेना. माणसं थांबतात. विचार करायला थांबतात, गेअर टाकायला थांबतात, धाकट्या भावाच्या प्रश्नाला लगेच उत्तर देणं शोभत नाही म्हणूनही थांबतात. मी मनातल्या मनात वहिनींना एक उत्तर तयार केलं आणि पुढच्या वळणावर बदललं.

मालेगावच्या बाजारात गाड्यांची रांग होती. रांगेत ड्रायव्हर मंडळी सावलीला बसली होती आणि आमच्या गाडीचा आवाज सगळ्यांच्या परिचयाचा होता. डिफ्रेन्शल वाजून राह्यलं, यावर एकमत होतं. डिफ्रेन्शल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी भोपळा. वळणावर बाहेरच्या चाकाने जास्त फिरायचं आणि आतल्या चाकाने कमी, ही समजूत तो घालतो. एकत्र कुटुंबात हे काम थोरली सून करते, आणि तिच्यातही कधी काही वाजायला लागलं तर सगळ्यांनाच मत असतं.

"तेल बदलाव लागते, भाऊ. गेअर बॉक्सचं अन् मागचं. दोनी."

"भैताड हायेस का? एवढी चाल्लेली गाडी! जुन्या तेलातच तिचा जीव हाय. नवं टाकलं का दात उघडे पडतेत."

"एकशे चाळीस नंबरचं टाका. जाड असते. आवाज दाबून टाकते."

"नव्वदच पायजे. कंपनीत काय येडे बसले?"

"मी तं म्हनतो केळं टाका," एक जण म्हणाला आणि सगळे हसले. मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावलं. जुनी गाडी विकायची असली की काही वाकडे लोक डिफ्रेन्शलमध्ये केळं नाहीतर लाकडाचा भुसा घालतात. आठ दिवस आवाज बंद. नवव्या दिवशी गाडी दुसऱ्याची.

कोणत्याही विषयाला दोन बाजू असतात हे मला पुस्तकांनी शिकवलं होतं. केळ्याची बाजू त्यांनी सांगितली नव्हती. गाडीच्या कप्प्यात कंपनीची पुस्तिका होती, इतकी कोरी की पानं एकमेकांना चिकटलेली. तिच्यात लिहिलं होतं की ठरावीक अंतरानंतर दोन्हीकडचं तेल बदलावं. ते अंतर आमच्या गाडीने किती वेळा ओलांडलं याचा हिशेब करायला गेलो आणि मीटर बंद असल्याचं आठवलं. दादा या सगळ्या चर्चेत मध्ये बसला होता. एकेका बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन पाहत होता. शेवटी म्हणाला, "बदलून टाकू." इतक्या पटकन म्हणाला की मला नवल वाटलं. हा माणूस चपलेचा अंगठा तुटला तरी दोन महिने विचार करतो.

शेलूबाजारला गौतम मिस्त्री आहे. आयटीआय शिकलेला, कमी बोलणारा, नखांत कायमची काळी रेघ. नेमकं त्याच आठवड्यात तो रस्त्याकडेच्या टपरीतून नव्या शेडमध्ये जाणार होता. शेडमध्ये गाडीखाली उभं राहून काम करता येईल असा खड्डा होता आणि त्याला त्या खड्ड्याचं कौतुक होतं. उद्घाटन त्याला नको होतं. पण जागेच्या मालकाचे एका भाऊसाहेबांशी संबंध होते. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, दर तालुक्यात एक असतातच. त्यामुळे शेडवर फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर चौदा चेहरे होते. मिस्त्रीचा सगळ्यात लहान, खाली कोपऱ्यात, जणू तो तिथे पंक्चर काढून घ्यायला आला होता. शुभारंभाला पहिली गाडी आमची ठरली. बॉनेटवर हार, काचेवर स्वस्तिक.

"सर, एक अडचन हाय," मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाला. "तेल गरम पायजे. गाडी चालून आली का लगेच काढाव लागते, तवा खालची घान संगं येते. थंड तेल घान तिथीच सोडून येते."

भाऊसाहेब दहाला येणार होते. साडेअकरा झाले. तेल निवू नये म्हणून दादा हार घातलेली गाडी घेऊन हायवेवर फेऱ्या मारू लागला. एक फेरी झाली, दोन झाल्या. रस्त्याने जाणारे लोक नवरदेवाची गाडी समजून आत डोकावत होते आणि आत एकटा दादा पाहून गोंधळत होते. तिसऱ्या फेरीला तो गेला आणि भाऊसाहेब आले. मग सगळ्यांनी गाडीची वाट पाहिली. गाडी आली, तेल गरम होतं, मिस्त्रीचे डोळे चमकले, आणि भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले.

भाषणात त्यांनी तरुणांना स्वयंरोजगाराकडे वळायला सांगितलं. मिस्त्री सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि चौदाव्या वर्षापासून वळलेला आहे. पुढे विकासाचा गेअर आला, संकटांचा ब्रेक आला, जनतेचं स्टिअरिंग आलं. पाऊण तास गेला. मिस्त्री अधूनमधून डिफ्रेन्शलवर तळहात ठेवून पाहत होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. फक्त इथे ताप उतरत असल्याची काळजी होती.

आता मिस्त्रीचा एक नियम होता. त्यानेच मला सकाळी सांगितला होता. तेलाचे बोल्ट दोन असतात. वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून काढायचं. आधी नेहमी वरचा उघडून पाहायचा. कारण खालचा उघडून तेल काढून टाकलं आणि वरचा अडकून बसला, तर नवं भरायचं कुठून? साधी गोष्ट आहे. पण वरचा बोल्ट उघडला तर काहीच दिसत नाही, आणि फोटोवाल्याला काहीतरी दिसायला हवं होतं. शिवाय पांढरे कपडे घालून खड्ड्यात उतरता येत नाही. मागून वाकून हात पोचेल असा एकच बोल्ट होता, डिफ्रेन्शलचा खालचा. मिस्त्रीने तो आधीच सैल करून ठेवला होता. कोनशिलेवरच्या पडद्याची दोरी ठेवतात तसा.

भाऊसाहेबांनी दोन बोटांनी बोल्ट फिरवला. टाळ्या झाल्या. तेल आलं नाही. टाळ्या थांबल्या. मग आलं, काकवीसारखं, काळी जाड तार धरून, कशाचीच घाई नसल्यासारखं. आणि वास सुटला. पहिल्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. फोटो निघाला. भाऊसाहेब आपल्या गाडीत बसले आणि गेले.

त्यानंतर साडेतीन तास वरचा बोल्ट निघाला नाही.

गेअर बॉक्सचं काम सरळ झालं. मागचा मात्र गंजून त्या भोपळ्याचाच भाग झाला होता. मिस्त्रीने डिझेल लावलं, पान्याला पाइप लावून जोर केला, छिन्नी घातली. बोल्टचे कोपरे झिजून तो गोल झाला. "माही चूक हाय, सर," तो खड्ड्यातून म्हणाला. "वीस वर्सं पोराईले सांगून राह्यलो, आधी वरचा, आधी वरचा." खालच्या बोल्टच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा चिकटला होता, सायीसारखा मऊ. मी तो बोटांत चोळून पाहिला. एवढ्या वर्षांची झीज, आणि ती इतकी गुळगुळीत का लागावी, कोण जाणे. तेव्हाच मी बोटं शर्टाला पुसली असणार.

शेवटी मिस्त्रीने त्या गोल झालेल्या बोल्टवर दुसरा मोठा नट वेल्डिंगने जोडला आणि त्याला पाना लावला. बोल्ट किंचाळत निघाला. आम्ही सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. दादाने ठेवले नाहीत. तो आमच्याकडे पाहत होता. मग त्यानेही ठेवले.

नव्वद नंबरचं नवं तेल भरलं. मधासारखं होतं. भरता भरता वरच्या भोकातून बाहेर ओघळलं, म्हणजे पुरेसं झालं. ऊन उतरलं होतं. आम्ही किन्हीराजाकडे निघालो. पंचेचाळीसचा वेग आला. मी श्वास धरला. आवाज होता. पहिल्यापेक्षा कमी होता, की मला तसा हवा होता म्हणून कमी वाटला?

"बंद झाला पाह्य," दादा म्हणाला.

पुढे चढ लागला. दादाने गेअर बदलला आणि गाडीने दात खाल्ले, कर्रर्र. त्याने परत टाकला, परत तेच. तीस वर्षांत मी त्याचा गेअर चुकलेला पाहिला नव्हता. त्याने गाडी कडेला एका सुडीजवळ उभी केली आणि इंजिन बंद केलं. समोर पाहतच बोलला.

"दोन वर्सं झाले, मले तो आवाज कदी आलाच नाई. कोनताच येत नाई म्हन ना. समोर तोंड दिसलं तं समजते. फोन पोराच्या हाती देतो." मग तो माझ्या तोंडाकडे वळला.

"मंग गाडी कशी चालवतो तू?"

"दांड्यावर हात ठेवतो." त्याने गेअरच्या दांड्यावर तळहात ठेवला. "थरथर येते. कोनत्या थरथरीले कोनता गेअर, हे हाताले पाठ झालं होतं. आता नवं तेल टाकलं तं दांडा मऊ झाला. हातालेबी आइकू येऊन नाई राह्यलं."

"अरे मंग कायले हो म्हटलं तेलाले? कोनं जबरदस्ती केली होती?"

दादाने स्टिअरिंगवरची धूळ तळहाताने पुसली.

"सारे म्हनत, आवाज येऊन राह्यला. मले एकट्याले येत नाई, हे कसं सांगू? म्हटलं, तेल बदलू. साऱ्याईचा आवाज बंद होईन. मंग आमी सारखे."

मी म्हणालो, कानाचं मशीन मिळते आजकाल. तो म्हणाला, हाव. मग आम्ही दुसऱ्या गेअरवरच घरी आलो, खूप हळू, आणि मागच्या सगळ्या गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या.

वहिनी दारात होत्या. दादा हात धुवायला मागे गेला. त्यांनी विचारलं, "मंग? कोन बिघडलं?"

"गाडीच होती, वहिनी. केलं आता दुरुस्त."

मी हे का बोललो, याची मी पुढे बरीच कारणं शोधली. सगळी वाचायला चांगली होती. वहिनींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या. "च्या घेता?" दुसऱ्या दिवशी पहाटे दादाने गाडी काढली तेव्हा त्या जेवणाचा डबा घेऊन डाव्या सीटवर जाऊन बसल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. तेव्हापासून हंगामभर त्या बसतात. मागून हॉर्न आला की त्याच्या खांद्यावर एक थाप. गेअर चुकतोय असं वाटलं की दोन. कानाचं मशीन आलं आहे, पण थ्रेशरजवळ ते किंचाळतं, म्हणून गाडीच्या कप्प्यात पुस्तिकेवर ठेवलेलं असतं. नव्या तेलाची थरथर दादाच्या हाताला हळूहळू पाठ होते आहे, असं तो म्हणतो. हे सगळं बरोबर चाललं आहे का? हायवेवर तीस कट्टे घेऊन? मी त्याच्या विरोधात चार मुद्दे काढतो आणि फोन उचलतो, आणि वहिनी मधूनच बोलायला सुरुवात करतात.

यंदा त्यांना ताप आला. दोन दिवसांसाठी म्हणून मला बोलावलं. निघताना पलंगावरूनच त्यांनी नियम सांगितले. "हारन आला का एक थाप. इचार करत बसजा नोका, तुमची सवय हाय ते."

काल सकाळी मी त्या सीटवर होतो. दोन्हीकडे सोंगलेली वावरं, मध्ये मध्ये सुड्या, हवेत कुटार. गाडीने पंचेचाळीसचा वेग घेतला आणि मी इतका लक्ष देऊन ऐकू लागलो की सगळंच ऐकू यायला लागलं. टायर, ताडपत्रीची फडफड, सुतळी, माझा स्वतःचा श्वास. आणि मग मागून कुठूनतरी हॉर्न. हॉर्नच होता का? लांबचा थ्रेशर असेल. डिफ्रेन्शल असेल. मी विचार करत बसलो नाही. दादाच्या खांद्यावर थाप मारली.

त्याने लगेच वेग कमी केला, गाडी डावीकडे पांढऱ्या पट्ट्यापलीकडे घेतली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि जा, जा, म्हणून शांतपणे हलवत राहिला. मी वळून काचेतून मागे पाहिलं. रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता.